तीन वेळा पुकार

पेन्शनच्या अपिलांचे निकाल टाइप करण्यात माझी उमेद गेली. लखनौमधल्या आलमबागच्या आमच्या ऑफिसात विधवा, म्हातारे, अपंग सगळे एकाच व्हरांड्यात ताटकळतात. संध्याकाळी जानकीपुरमला घरी पोचले की मुलगा विचारतो, "मम्मी, आज फिर मूड ऑफ?" मी मराठीत करवादते, तो हिंदीत हसतो.

त्या बाईचं अपील विधवा पेन्शनचं होतं. सुनावणीआधी ती भेटायला आली ती भांगात ठसठशीत सिंदूर आणि हातभर बांगड्या घालून. मी म्हटलं, अगं बाई, हे काय! ती हळूच म्हणाली, "दीदी, अकेली औरत को कमरा कौन देता है?" निशातगंजात खोली मिळावी म्हणून तिने नवरा सूरतला कामाला आहे असं सांगितलं होतं. चौकशीला गेलेल्या बाबूने नाव न घेता, या खोलीतल्या बाईचा नवरा कुठे, एवढंच विचारलं; त्यालाही गल्लीने तेच सांगितलं, आणि पेन्शन नामंजूर. मृत्यूचा दाखला जोडलेला असून! आता खरं बाहेर पडलं तर खोली जाणार, आणि पदरात दोन लहान मुली. "बस, बाहर नाम मत बुलवाइएगा," एवढंच तिचं मागणं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी तिला नंबरने पुकारायची परवानगी मिळवली. दारात पुकारा करणाऱ्या चाचांना बजावलं. चाचा शिपाई असले तरी बोलणं अस्सल लखनवी. त्यांनी मान डोलावली आणि मला वाटलं, सुटले बाई.

सुनावणीच्या दिवशी एक म्हातारी आपल्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचं विचारायला आत आली. मागे तीच बाई! "किरायेदार है हमारी," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "आदमी सूरत में है इसका. हमने कहा, साथ चली चल." मी कपाळाला हात लावला. घरमालकिणीला ती नाही तरी कशी म्हणणार?

दोघी बाहेर जाऊन बाकावर बसल्या. तिचा नंबर आला. चाचांनी घसा खाकरला आणि तिचं पूर्ण नाव घेतलं. पुढे 'स्वर्गीय' लावून नवऱ्याचं, 'की धर्मपत्नी, तशरीफ़ ले आएँ!' मी ताडकन दारात गेले. "चाचा, नंबर!" मी दबक्या आवाजात ओरडले.

ते दुखावले. "मैडम, नंबर से तो क़ैदी पुकारे जाते हैं. शरीफ़ औरत हैं."

आता या अदबीला काय जाळायचंय? रिवाज तीन पुकारांचा. दुसरी त्यांनी आणखी अदबीने दिली, म्हणजे आणखी मोठ्याने. तिचं नशीब एवढंच, की गल्लीत तिला सगळे 'गुड़िया की अम्मा' म्हणत. खरं नाव म्हातारीला ठाऊक नव्हतं. मी आत जाऊन साहेबांना सांगितलं, ती बाहेरच आहे, शेजारी घरमालकीण आहे म्हणून उठू शकत नाही. "बैठी हैं तो उठती क्यों नहीं?" साहेब म्हणाले. मी परत दाराशी गेले. हात धरून तिला आत आणता आलं असतं, पण मग उरलं काय?

तिसरी पुकार झाली. माझ्या पाठीमागे साहेब सांगत होते, "अनुपस्थित. अपील ख़ारिज." मला राग आला होता, पण भांडायचंही त्राण नव्हतं. व्हरांड्यातले सगळे माना वळवून बघत होते, कोण ही विधवा? तीही वळून बघत होती.

"बेवा है कोई," म्हातारी हळहळली. "आई नहीं बेचारी."

"हाँ अम्मा," ती म्हणाली. "बेचारी."