पाठ घेणारी प्रेमा

आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरून मालिका ऐकू येतात, दुसऱ्यावरून भांडणं, आणि मागचं वर्षभर पहिल्या मजल्यावरून बेडकाची पचनसंस्था ऐकू यायची. तिथे प्रेमा राहते आणि तिच्या समोरच्या दारात मी. मुलुंडच्या कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा घरबसल्या पुन्हा बेडूक कानावर पडावा अशी माझी काही इच्छा नव्हती.

प्रेमा दहावी झालेली. घरून चपात्यांच्या ऑर्डरी करते, रोज दीडशे. नवरा लवू एका गोदामात स्टोअरकीपर आहे. त्याचे वडील मालवणहून गिरणीत आले आणि इथलेच झाले. मुलगी जान्हवी हुशार, पण बारावीनंतर मेडिकलच्या नीट परीक्षेत थोडक्यात हुकली. डॉक्टरकीशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. लवूने आवाज न चढवता सांगून टाकलं, "आणखी एक वरीस घे. तेव्हाय नाय झाला तर बीएस्सीक जायचा." लवू एकदा बोलला की त्यात बदल नसतो. म्हणून प्रेमाने ठरवलं, या खेपेला पाठ आपण घ्यायचा.

लहानपणी दिवेलागणीला तिच्या वडिलांनी तिच्याकडून पाढे म्हणून घेतले होते, तीच पद्धत. जान्हवी ओट्याजवळ पाटावर बसायची. प्रेमा चपात्या लाटायची आणि तिच्यासमोर पिठाच्या डब्याला टेकवलेलं जीवशास्त्राचं पुस्तक असायचं. जान्हवी इंग्रजी ओळी धडाधड म्हणत जायची, प्रेमा पुस्तकात बघून शब्दाला शब्द जुळवायची. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की लाटणं ओट्यावर आपटायचं. "परत. पहिल्यापासून." वाचलेल्याचा अर्थ तिला कळत नव्हता, आणि त्याच्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं.

मला हे सगळं बघून चीड यायची. घोकंपट्टीवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलेलं. पण पाचव्या महिन्यापर्यंत पोरीला दोन्ही वर्षांची पुस्तकं तोंडपाठ झाली, तेव्हा मी गप्प बसले. प्रेमा जिन्यात भेटली की म्हणायची, "बाई, एक कानामात्रा चुकत नाय हां आता." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला काही बोलवायचं नाही.

फेब्रुवारीत जान्हवीच्या नीटच्या क्लासात पहिली मोठी सराव परीक्षा झाली आणि वाट लागली. जीवशास्त्राच्या नव्वद प्रश्नांना पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं पुरतात. जान्हवीला दीड तास लागला. फिजिक्सचे वीस-बावीस प्रश्न तिने वाचलेसुद्धा नाहीत. ती माझ्याकडे येऊन रडली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, उत्तर मला येतं. पण प्रश्न वाचला की धड्याची पहिली ओळ आठवते. मग तिथून मनात म्हणत म्हणत यावं लागतं."

मी तडक समोरच्या घरात गेले. "प्रेमा, पोरीला तू पाढ्यासारखं शिकवलंस. सात आठे किती ते सांगायला ती सात एके सातपासून सुरू करते. परीक्षेत प्रश्न ओळीने येतात का गं?" मी बरंच बोलले. तुझ्यामुळे तिचं वर्ष जाईल, असंही बोलून गेले. प्रेमाची तव्यावरची चपाती करपली. ती एवढंच म्हणाली, "माझ्यामुळेच झाला म्हणजे." मी घरी आले आणि मला माझीच लाज वाटली.

तीन दिवस समोरून आवाज नाही. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता प्रेमा पुस्तक घेऊन माझ्या दारात. "बाई, मला अर्थ सांगा. अर्थच कळला नाय तर मी तिला उलटंसुलटं विचारणार कशी?"

मी म्हटलं, "मीच विचारते ना जान्हवीला."

"तुम्ही अर्धा तास विचाराल. मी दिवसभर तिच्यासोबत असते."

रोज तीन ते साडेचार आमची शाळा भरू लागली. सुरुवातीला मी मराठीत सांगायचे आणि ती मान डोलवायची. आठवड्याभरात तिने मान डोलवणं सोडलं आणि "का?" विचारायला लागली. मोरी हा शार्कच्या जातीचा मासा तिने जन्मभर कापला होता. त्याला शरीरात हवेची पिशवी नसते, म्हणून तळाला जाऊ नये यासाठी सतत पोहत राहावं लागतं, हे कळल्यावर तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "बिचारीला बसताच येत नाय म्हणजे."

त्यानंतर जान्हवीची सुटका नव्हती. आंबोळ्यांचं पीठ का फुगलं, दह्यात कुठलं जीवनसत्त्व वाढतं, मगरीच्या हृदयाला कप्पे किती. मासळीबाजारात, जिन्यात, वेणी घालताना, कधीही आणि कुठल्याही धड्यातलं. "आई, जेवू दे ना यार," पोरगी कुरकुरायची, पण उत्तर ताबडतोब द्यायची. एप्रिलच्या सराव परीक्षेत तिने जीवशास्त्र अट्ठेचाळीस मिनिटांत संपवलं.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. मी आणि प्रेमा केंद्राबाहेर उभ्या होतो. लवू रजा टाकून आला होता, पण जरा लांब थांबला होता. जान्हवी बाहेर आली आणि म्हणाली, "आई, सगळे सोडवले. वर वेळ उरला." प्रेमा तिथेच फुटपाथवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. माझ्या बोलण्याचं ओझं ती इतके दिवस वागवत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या शेजारी बसून माफी मागितली. "बरंच झाला बोललात ता," ती म्हणाली.

जान्हवीचा नंबर रत्नागिरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात लागला. लवूने पूर्ण बिल्डिंगला पेढे वाटले. पोरीला हॉस्टेलवर सोडून दोघं परत आली. आता प्रेमाला घर खायला उठेल, असं मला वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला बेल वाजली. दारात प्रेमा, हातात पुस्तक.

"अगं, आता कशाला? जान्हवी तर लागली."

"तिचं झालं हो बाई. परीक्षेच्या घाईत माझे शेवटचे दोन धडे राहिलेत."

मी तिला आत घेतलं. जिला कुठलीच परीक्षा द्यायची नाही अशी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत मिळाली नव्हती.