दोन ऑफिसं आणि एक आडनाव

भावाची मुलगी यंदा वकील झाली. सनद हातात पडली त्याच दिवशी मुखेडहून तिचा फोन आला. "आत्या, मला खरंखरं सांग. नांदेडला तुझ्या जुन्या सरांकडं जाऊ, का लातूरला एखाद्या मोठ्या ऑफिसात? कुठं बरं राहील?"

मी दोन्हीकडचं मीठ खाल्लेलं आहे. नांदेडला असताना ते मीठ घरून आणावं लागायचं, एवढाच फरक. लातूरला अजूनही खातेच आहे. म्हणजे उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं. पण मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि फोन ठेवला.

नांदेडचं ऑफिस म्हणजे कोर्टाजवळच्या गल्लीतली एक खोली. एक टेबल, सरांची खुर्ची आणि भिंतीला लागून पक्षकारांचा बाक. त्याच बाकाच्या टोकाला माझी जागा. पक्षकार जास्त आले की मी सरकायची, आणखी आले की उभी राहायची. माणसं तीन: सर, त्यांचे कारकून आणि मी. महिलांचं प्रमाण एक तृतीयांश. आजकाल मोठमोठ्या कंपन्यासुद्धा एवढं प्रमाण मिरवतात, आमच्या सरांना ते कधी सुचलं नाही.

पहिल्या दिवशी मी आत गेले, नमस्कार केला, नाव सांगितलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुणापैकी हाय गं तू?"

आमचं आडनाव चार समाजांत सापडतं. नावावरून काही कळत नाही, म्हणून आमच्याकडे हा प्रश्न ठरलेला. मला राग आला. कायदा शिकलेला माणूस पहिला प्रश्न जातीचा विचारतो, असं वाटलं. मी फणकाऱ्यानंच सांगितलं. सर म्हणाले, "बरं. बस." त्यानंतर चार वर्षांत तो विषय त्यांच्या तोंडून परत निघाला नाही. मी कोण, ते इथेही लिहीत नाही. वाचणाऱ्यालाही तोच प्रश्न पडला असेल तर पडू दे.

पगार नव्हता. सर म्हणायचे, "पगार पायजे तर नोकरी कर. ही नोकरी न्हाई, विद्या हाय." दिवाळीला एक पाकीट मिळायचं, आणि ते माहूरला जाऊन आले की देवीचा तांबूल. विद्येवर खोलीचं भाडं निघत नाही, ते भाऊ पाठवायचा.

पण दुसऱ्याच महिन्यात एका बांधाच्या भांडणाची पेशी होती. आमचा पुकारा झाला आणि सर जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "ऊठ. तू बोल." मी पहिलं वाक्य पुटपुटले. जज्जसाहेब म्हणाले, मोठ्यानं बोला. मी मागे बघितलं तर सर निवांत पेपर वाचत बसलेले. मग काय करणार, बोलले. परत येताना सरांनी गल्ली संपेपर्यंत माझी खरडपट्टी काढली आणि पुढच्या पेशीला परत मलाच उभं केलं. चार वर्षांत मी बांधावर बोलले, पोटगीवर बोलले, एका चेकच्या केसमध्ये पलीकडच्या नामांकित वकिलाला घाम फोडला. तेव्हा मला रोज सकाळी कोर्टात जायची घाई असायची. ती घाई मला नीट आठवते, कारण नंतर ती कधी झाली नाही.

भावाची पोरं मोठी झाली तशी त्याच्याकडून पैसे घ्यायची लाज वाटायला लागली. मी लातूरला अर्ज केला.

लातूरचं ऑफिस तीन मजली. काचेचं दार, आत शिरताना अंगठा लावायचं यंत्र, रिसेप्शनला मुलगी, वीसेक वकील, प्रत्येकाला टेबल आणि चाकांची खुर्ची. त्या खुर्चीवर मी पहिल्या दिवशी हळूच एक गिरकी घेऊन बघितली होती. पगार एक तारखेला बँकेत. बायका पाच-सहा, आणि समाज म्हणाल तर सगळे. मोठे सर सत्कार-समारंभात अभिमानानं सांगायचे, "आमच्याकडे अठरापगड माणसं आहेत. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो." दरवर्षी सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा आणि वेबसाइटवर लागायचा. त्या फोटोत मला पुढच्या रांगेत बसवायचे.

मुलाखतीत मला कुणी 'कुणापैकी' असं विचारलं नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं. दुपार झाली होती, म्हणून जेवायला व्हेज का नॉनव्हेज विचारलं. वडील माळकरी, घरात मटण कधी शिजलं नाही. मी व्हेज म्हटलं. मोठ्या सरांनी हसून मान डोलावली आणि सोमवारपासून यायला सांगितलं. मला वाटलं, सुटले एकदाची त्या नांदेडच्या प्रश्नातून.

काम कसं वाटलं जातं ते कळायला थोडे दिवस गेले. पक्षकार आला की रिसेप्शनची मुलगी त्याचं गाव आणि आडनाव विचारायची आणि त्याप्रमाणे एकेका टेबलावरचा फोन वाजायचा. माणसाला आपल्यातला वकील बरा वाटतो, मोकळेपणानं बोलतो, हे मोठ्या सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक समाजाचा एकेक वकील ठेवला होता, किराणा दुकानात प्रत्येक डाळीचा डबा वेगळा असतो तसा. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुसलमान वकील होता. कंपनी कायद्यात कॉलेजात पहिला आलेला. तो एकदा डबा खाताना म्हणाला, "मॅडम, मी इथं नुसते मेहेर आणि तलाकच बघून राहिलो. कंपनीचा कागद अजून एक आला न्हाई माझ्याकडं."

मी हसले. माझ्याकडे लिंगायत घरातल्या बायका जास्त येतात हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. आमचं मूळ गाव देवणी-उदगीरच्या बाजूला, भाऊ मुखेडला गेला तो नंतर. तिकडे बाजारात निम्मी माणसं लिंगायत, भेटल्यावर नमस्काराऐवजी शरणु म्हणतात. समोरच्यानं शरणु म्हटलं की आपणही म्हणायचं, लहानपणापासूनची सवय. मी म्हणत राहिले.

त्यांतलीच एक बाई आडत बाजारातल्या घरातली होती. वडील वारल्यावर भावांनी दुकान, गोदाम, प्लॉट सगळं आपसात वाटून घेतलं आणि हिला साडीचोळी करून वाटेला लावलं. नवरा आजारी, म्हणून कोर्टाचं सगळं दीर बघायचा. ती केस मी पहिल्यापासून केली. दावा मी लिहिला, जुने दस्त मी शोधले, तिला साक्षीसाठी मीच तयार केलं. मोठ्या सरांनी शब्द दिला होता की शेवटचा युक्तिवाद मीच करायचा. लातूरला आल्यापासून कोर्टात मी फक्त तारखा मागितल्या होत्या. मोठ्या ऑफिसात बोलणारे ठरलेले असतात, बाकीच्यांनी फाइल धरायची. या केससाठी मी आरशासमोर उभी राहून बोलायचे. ती जुनी घाई परत येते की काय, असं वाटायला लागलं होतं.

युक्तिवादाच्या आदल्या आठवड्यात कोर्टाच्या कँटीनमध्ये आम्ही दोघी चहा पीत होतो. तिनं सहज विचारलं, "ताई, तुमचा मठ कुठला हो?"

मी म्हटलं, "आमचा मठ नाही. आम्ही लिंगायत नाही."

"अस्सं," ती म्हणाली. बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि साक्षीबद्दलच काहीतरी बोलायला लागली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी बोलावलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांचा आवाज कधीच चढत नाही.

"मॅडम, तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही, सर."

"आपल्याकडे असं विचारत नाहीत," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, "त्यांच्या दिरांचा फोन होता. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण त्यांना आपलं माणूस हवंय. पक्षकाराचं समाधान महत्त्वाचं. फाइल त्या नवीन मुलाकडे द्या. तुम्ही शेजारी बसा, त्याला मदत होईल."

तो नवीन मुलगा म्हणजे सहा-आठ महिन्यांपूर्वी आलेला लिंगायत ज्युनिअर. मला त्यांनी आडनाव, गाव आणि व्हेज एवढ्यावरूनच लिंगायत धरलं होतं, ते आत्ता कळलं. मी फाइल दिली. भांडायला हवं होतं, हे मला आजच कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण रागच आला नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं लांबचं वाटत होतं. त्या गालात अजून जीव आलेला नाही.

युक्तिवादाला मी त्याच्या शेजारी बसले. तो अडखळला की मी हळू आवाजात पुढचं वाक्य सांगायची, तो ते मोठ्यानं म्हणायचा. तयारी माझी, वाक्यं माझी, आवाज त्याचा. निकाल आमच्या बाजूनं लागला. बाई पेढे आणि हार घेऊन ऑफिसात आली. हार त्याच्या गळ्यात पडला. पेढ्याचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवून ती खाली बघत म्हणाली, "ताई, माझ्या मनात काय न्हाई हो. दिराचं ऐकावं लागतं. रागावू नका."

मी म्हटलं, "नाही रागावले." ते खरंच होतं.

त्यानंतर काही दिवस रिसेप्शनच्या मुलीची पंचाईत झाली, माझ्याकडे कुणाला पाठवायचं ते तिला कळेना. शेवटी मला 'महिला विभाग' दिला. पगारही वाढला, हे सांगायला हवं, नाहीतर मोठ्या सरांवर अन्याय होईल. ते वाईट नाहीत. बाळंतपणाची रजा पगारी देतात, लातुरात असं ऑफिस शोधून सापडायचं नाही. गेली काही वर्षं मी तारखा मागते, एक तारखेला पगार घेते, फोटोत पुढच्या रांगेत बसते.

एवढा सगळा विचार करायला मला दोन दिवस लागले. वकिलाच्या ऑफिसाचं माप एकच, तिथे उभं राहून बोलायला मिळतं का, असं भाचीला सांगायचं ठरवलं. नांदेडला जा, म्हातारा खडूस आहे, पण जे विचारायचं ते तोंडावर विचारतो. पैसे मी पाठवीन. हे सगळं मनात जुळवलं आणि तिला फोन लावला.

तिनंच आधी सुरुवात केली. "आत्या, मी कालच लातूरला इंटरव्ह्यू दिऊन आले. तुझ्या ऑफिसात न्हाई, दुसरं नवीन हाय, तुमच्यापेक्षा मोठं. लई चांगली माणसं हायत गं. सोमवारपासून ये म्हणले. केसेस पण देणार म्हणले मला."

"काय काय विचारलं?"

"काय न्हाई. आडनाव, गाव. अन् जेवायला व्हेज का नॉनव्हेज."

"तू काय सांगितलंस?"

"व्हेज. आपल्यात कुठं चालतं?"

कित्येक वर्षांनी मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. मी म्हटलं, "ऐक माझं. सोमवारी गेल्या गेल्या, खुर्चीवर बसायच्या आधी, तू कुणापैकी आहेस ते त्यांना स्पष्ट सांगून टाक."

भाची हसली. तिला मी फार जुन्या काळातली वाटले असणार.

"असं कसं सांगू, आत्या? त्यांनी विचारलंच न्हाई ना."