सरोवराकाठची पत्रं

समुद्रापारच्या किसुमूला मी कधी गेले नाही, तरी तिथला रस्ता मला पाठ आहे. मोंबासाच्या बंदरातून आगगाडी निघते, कोरड्या माळावरून चढत थंड डोंगरात पोचते, एका प्रचंड दरीत उतरून पुन्हा चढते आणि शेवटी समुद्राएवढ्या सरोवराकाठी थांबते. तिथल्या स्टेशनात माझे यजमान मालाची नोंद ठेवणारे मालबाबू होते. लग्नानंतर दोन महिन्यांत ते तिकडे निघून गेले, आणि मी तिरोड्याजवळच्या सासरी चुलीपुढे राहिले.

पत्र आलं की सासरे ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत. आम्ही बायका दाराआड. यजमानांना बारकाईनं लिहायची भारी हौस. मसाई लोक गुरांमागे रानोमाळ फिरतात आणि दुधावर जगतात. किकुयू शेतकऱ्यांची चांगली जमीन गोऱ्यांनी बळकावून तिथे कॉफी लावली. लुओ लोक सरोवरात मासे धरतात. युगांडाचा कापूस बोटीनं येतो आणि मालगाडीच्या वाघिणींत भरून बंदराला जातो. गुरं, मासे, कापूस, सगळ्यांची खबर असे. माझीच नसे. या माणसाला बायको आहे की नाही, म्हणून मी मनात जळफळायची.

वाचलेलं पत्र सासरे भिंतीवरच्या तारेत टोचून ठेवत. मला वाचता येत होतं, पण सासरी ते दाखवू नकोस, असं आईनं बजावलं होतं. शिवाय कानांनी ऐकलेलं पुन्हा डोळ्यांनी कशाला पाहायचं?

चौथ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती तार माझ्या हाती आली. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ होती, कधीच न वाचलेली. तिला पाठवा, क्वार्टर मिळालं आहे, इतरांच्या बायका आल्या आहेत. सर्वांत वरच्या पत्रात मात्र वेगळंच होतं: ‘ती समुद्र ओलांडायला तयार नाही असं आपण कळवता, तर आता विचारणार नाही.’

मी पत्रं होती तशी पुन्हा तारेत टोचून ठेवली.

पुढचं पत्र वाचून झालं तशी मी दाराआडून म्हणाले, “मामाजी, शेवटची ओळबी वाचा ना.”

सासऱ्यांनी वर पाहिलं. “तुले वाचता येते? कोनं शिकवलं?”

“मी कवा नाही म्हटलं, मामाजी?”

त्यांनी हातातलं पत्र तारेत टोचलं. मग म्हणाले, “तू गेली त माहा पोरगा वापस येत नाही. तू इथं आहेस म्हून तो येईल.”

त्यांचा मला संताप आला, आणि कीवही आली. पत्रांची ती तार त्याच दिवशी त्यांच्या खोलीत गेली. यजमानांनी बहुधा खरंच पुन्हा विचारलं नाही. मी नाही म्हटलेलं नाही, एवढंच मला लिहायचं होतं. पत्ता ठाऊक होता, अक्षरही बरं होतं. पण आमच्या घरचं टपाल सासऱ्यांच्याच हातून जायचं.