दात कशाने घासता?

घाटकोपरच्या पंतनगरात परबांच्या घरी सकाळी साडेसहा ते सात रुक्मिणी बोलत नाही. तोंडात मशेरी असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घेऊन ती हिरड्यांवर चोळते, आणि तेवढा वेळ घराचा कारभार हातवाऱ्यांवर चालतो. मनगट गोल फिरलं की पाणी जायची वेळ झाली, बादल्या भरा. दोन बोटं उभी राहिली की दूध बघा. तिचा नवरा बाळा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहे. घरात शांतता अशी तेवढीच, म्हणून मशेरीला आपण कधी बोललो नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

त्यांची मुलगी ऋतिका सार्वजनिक आरोग्य शिकते. म्हणजे डॉक्टर का, असं मालवणहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. बाळाचं उत्तर ठरलेलं आहे: घरात एक माणूस आजारी पडला तर हिचा उपयोग नाही, अख्खी वाडी पडली तर आहे.

एम.ए.च्या तिसऱ्या सत्रासाठी ऋतिकाची पोर्तुगालला निवड झाली ती गुजरातीमुळे. रुक्मिणी पंचवीस वर्षं घाटकोपरच्याच टिळक रोडवरच्या गुजराती घरांत स्वयंपाक करते. शाळा सुटली की ऋतिका त्याच स्वयंपाकघरांत बसून गृहपाठ करायची, तिथेच ती भाषा तिच्या तोंडी बसली. लिस्बनजवळच्या एका उपनगरात दीवहून आलेली गुजराती कुटुंबं बरीच आहेत. तिथल्या बायकांचं मुखआरोग्य पाहण्यासाठी विद्यापीठाला गुजराती बोलणारी विद्यार्थिनी हवीच होती. ऋतिकाने प्रश्नावली भाषांतरित केली आणि सहा आठवड्यांत चौतीस बायकांना भेटली. बायका दुपारी मोकळ्या असत, म्हणून ती दुपारीच जायची. अकरावा प्रश्न होता, तंबाखू खाता किंवा ओढता का. चौतीसही जणी नाही म्हणाल्या. एक-दोघी तर विचारल्याबद्दल रागावल्या.

मार्गदर्शक प्राध्यापक हेलेना यांना हे शून्य फार आवडलं. नगरपालिकेच्या बैठकीत ते मांडायचं ठरलं. अहवाल देऊन झाला होता. तो मंजूर झाला की सत्राचे गुण मुंबईला कळवले जाणार होते, आणि ते वेळेत पोचले नाहीत तर ऋतिकाचं वर्ष वाया जाणार होतं.

बैठकीच्या आठवडाभर आधी लक्षात आलं की जयंतीबेन नावाच्या एका बाईंची संमतीपत्रावर सही राहिली आहे. ऋतिका वर्गाला जाता जाता सकाळी साडेसातला त्यांच्या दारात उभी राहिली. जयंतीबेननी दार उघडलं, तोंड मिटलेलंच ठेवून हात वर केला, थांब अशी खूण केली आणि मनगट गोल फिरवून आत बसायला सांगितलं. त्यांचं बोट काळं होतं.

ऋतिका आत जाऊन बसली. न्हाणीघराच्या खिडकीत एक छोटी डबी दिसत होती. चूळ भरून जयंतीबेन बाहेर आल्या तेव्हा तिने गुजरातीतच विचारलं, तुम्ही दात कशाने घासता.

"बजरने. दीवहून येते. तुझ्या घरी नाही घासत?"

बजर म्हणजे तंबाखूचीच पूड. ती तंबाखू आहे ना, असं ऋतिकाने विचारलं, तर जयंतीबेन हसल्या. तंबाखू बाप्ये खातात. हे मंजन.

रस्त्यावर येऊन तिने आईला फोन लावला. पंतनगरात तेव्हा दुपार होती.

"आई, तू तंबाखू खातेस?"

"मी खंय तंबाखू खातंय गो? येडी झालंस काय?"

"आणि मशेरी?"

"ती काय तंबाखू? दात घासतंय मी." आणि वर, "तिकडे शिकूक गेलंस की माझी उलटतपासणी करूक?"

ऋतिका वर्गात न जाता थेट हेलेनांच्या खोलीत गेली. आकडा चुकीचा आहे, असं तिने सांगितलं. गुजराती प्रश्न कोणी लिहिला, असं त्यांनी विचारलं.

"मी लिहिला. आणि माझ्याच घरात असं आहे, तरी मला सुचलं नाही."

हेलेनांनी तिचा अहवाल पुन्हा उघडला. मग नियम वाचून दाखवल्यासारखं म्हणाल्या की अहवाल मागे घेता येईल, दुरुस्तीला दहा दिवस मिळतील, उशिराचे गुण कापले जातील, आणि अकराव्या दिवशी आलेला अहवाल घेतला जाणार नाही. बैठक पुढे ढकलायचं त्या बघतील.

त्या दहा दिवसांत ऋतिका रोज सकाळी सातला निघाली. चौतीस दारं पुन्हा. तंबाखूचं नाव तिने काढलंच नाही. दात कशाने घासता, एवढंच विचारलं. एकवीस जणींनी बजर सांगितली. दोघींनी तर डबी आणून दाखवली आणि थोडी घेऊन जा म्हणून आग्रह केला. नवव्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त अहवाल गेला. गुण कापले गेले, पण तो मंजूर झाला. विद्यापीठाच्या प्रश्नावलीत अकरावा प्रश्न आता दोन भागांत विचारतात.

जानेवारीत ऋतिका घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोरा फॉर्म घेऊन ओट्याशी थांबली. आई चूळ भरेपर्यंत तिने दूध बघितलं, बादल्या भरल्या. प्रबंधासाठी पंतनगरातल्याच बायकांना ती भेटणार होती आणि सुरुवात घरापासून करायची होती.

"दात कशाने घासतेस?"

"तुका म्हायत नाय?"

"तू सांग, मी लिहिते."

"लिव. मशेरीन. बत्तीस वर्सां." रुक्मिणीने बोट धुतलं. "तपासूक येतंय मी. पण सोड म्हणान सांगू नको."

ऋतिकाने फॉर्मवर बत्तीस लिहिलं.

गुरुवारी दोघी पालिकेच्या दवाखान्यात गेल्या. रुक्मिणीच्या गालात आतून एक पांढुरका चट्टा निघाला. आत्ता घाबरण्यासारखं काही नाही, मशेरी बंद करा आणि तीन महिन्यांनी दाखवा, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रुक्मिणी ऐकून घेत राहिली. ऋतिका औषधांच्या खिडकीवरून परत आली तेव्हा रुक्मिणी बाकावर शेजारी बसलेल्या बाईशी बोलत होती. आपल्याला कुठलंच व्यसन नाही, असं ती बाई ठासून सांगत होती.

"तां ऱ्हवांदे," रुक्मिणी म्हणाली. "दात कशान घासतंस?"