भाऊबीजेला न येणाऱ्या भावाची पत्रं

आंधळगावात आता पोस्टमनची वाट कुणी पाहत नाही. बँकेची नोटीस नाहीतर विम्याचा कागद, याशिवाय तो आणणार तरी काय? पण दिवाळीच्या आठवड्यात तो रुखमाबाईच्या दाराकडे वळला की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून तिच्या ओसरीवर जमायच्या. पत्र तिच्या धाकट्या भावाचं, भोजराजचं असायचं. झाडीपट्टीच्या नाटकांत लोकांना हसवणारा भोजराज कोण, हे अख्ख्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नसे. तो स्टेजवर नुसता येऊन उभा राहिला तरी मंडपात हशा पिकायचा. असा नावाजलेला माणूस राहायचा जवळच तुमसरला, खिशात मोबाइल बाळगायचा, आणि बहिणीला मात्र पत्रच लिहायचा.

पत्रातला निरोप दर वर्षी एकच: यंदा भाऊबीजेला येणं जमत नाही. त्यात खोटंही नव्हतं. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. मंडई म्हटली की रात्री नाटक आलं, आणि नाटकाला हसवणारा हवाच. पण न येण्याचं कारण भोजराज सरळ सांगेल तर शपथ.

'ताई, नाटकातल्या सासऱ्याच्या कामासाठी लावलेली मिशी डिंकानं अशी बसली की निघता निघत नाही. तुझी भावजयच घरात घेईना, विचारते तुम्ही कोण पाहुणे? आता मी तुझ्या दारी आलो तर तू कुत्रं सोडशील.'

पुढच्या वर्षी: 'काल तिसऱ्या अंकात मेलो. लोकांनी वन्स मोर दिला म्हणून उठून पुन्हा मेलो. दोनदा मेलेल्याला ओवाळतात का, ते आधी भटजीला विचार, मग पाहू.'

सून दामिनी पत्र वाचायची, बाया हसून लोळायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती रुखमाबाई. भाऊबीजेच्या सांजेला मात्र ती ताट घेऊन अंगणात यायची आणि भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं चंद्राला ओवाळायची. ते पाहून दामिनी विचारायची,

"आई, एकदा 'ये' म्हणून लिवू का?"

"नोको व. त्याच्या नावावर लोकं नाटकाले येतेत, त्याले कायले अडचणीत टाकाचं? लिव, लय हासली म्हणा. असंच लिवत जाजो."

उत्तर तेवढंच जायचं. आपल्या बायांचा हा जुना शहाणपणा, मागायचं ते सोडून बाकी सगळं बोलायचं. मला तर त्याचा रागच येतो.

यंदा पोळा झाला आणि भोजराज गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवीला पाहुणे जेवून गेल्यावर रुखमाबाई भावजयीजवळ, अंजूजवळ, येऊन बसली. तिला धीर द्यावा म्हणून बोलली, "एवढ्या कामातबी त्यानं माही चिठ्ठी कधी चुकवली नाई."

अंजूनं मान वर केली.

"कोनतं काम, ताई? तीन सालापासून भाऊबीजेले ते घरीच रायत. नवीन पोरं आले, मंडईच्या तारखा त्याइलेच भेटत. हे दिवसभर खाटेवर बसून रायत."

"मंग आला काहून नाई?"

"म्या म्हनत होती, जा. मागच्या साली निघालेबी होते, नवा सदरा घालून. बस स्टँडवरून वापस आले. म्हने, ताईनं मले कधी ये म्हटलंच नाई. तिले चिठ्ठी पायजे. पूरी गल्ली हासाले जमते तिथं, असा रिकामा हात हालवत जाऊन मी काय करू?"

त्या खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरी रुखमाबाईचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"अन म्या बलावलं असतं त?"

"चालत आले असते, ताई."

मग मात्र रुखमाबाईला आवरलं नाही. अंजूच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, आणि रडता रडता, 'येजो रे बाबा, येजो,' एवढंच म्हणत राहिली.