पावण्याचं गाव

मुरगूडकर सर खुर्चीत बसत नसत. मूळ गाव मुरगूड म्हणून हे नाव. खरं आडनाव फक्त हजेरीपत्रकावर. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, तेही फेऱ्या मारत. चहा उभ्यानं. जिवाणू उबेत वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार इतक्यांदा उघडत की प्रयोगशाळेतले शिपाई शिंदेमामा यांनी एकदा त्याला दोरी बांधली.

प्लेटवर अनोळखी जिवाणूचा ठिपका उगवला की सर वाकून विचारत, "काय पावणं, गाव कंचं?" ओळख म्हणजे त्यांच्या लेखी गाव आणि भावकी. "पै-पावणं कळलं की माणूस कळतो. ह्येचंबी तसंच हाय."

शाहूवाडी तालुक्यातल्या एका तळ्याच्या पाण्यातून केशरी ठिपका आला आणि त्याची भावकी कुठेच जुळेना. जनुकांच्या अहवालानुसार प्रजाती बहुधा नवी होती. नाव देण्याचा मान आधी छापणाऱ्याला मिळतो. सरांनी नाव ठरवून ठेवलं होतं: तळ्याकाठच्या वाडीचं. ते त्यांच्या आईचं माहेर.

एरवी इतका घाईचा माणूस इथे थांबला. सर्वांत जवळचा ज्ञात जिवाणू परदेशातून मागवायचा, दोघांना शेजारी वाढवायचं, मगच लिहायचं. पार्सल वाटेत अडकलं. आम्ही विद्यार्थी म्हणालो, "सर, त्याची माहिती छापलेली आहे, तीच वापरूया. नाहीतर दुसरं कुणीतरी पुढे जाईल."

"जाऊ दे की. भावाशेजारी उभं केल्याबिगर ह्यो येगळा हाय म्हणून कसं सांगायचं?"

फेऱ्या वाढल्या. शिंदेमामा म्हणाले, "सर, फरशी झिजाय लागली."

पार्सल आलं. दोघे शेजारी वाढले आणि वेगळे निघाले. सरांचा लेख अर्धा झाला असताना एका परदेशी गटाचा लेख प्रसिद्ध झाला. नवी प्रजाती, तिकडच्या एका नदीचं नाव. सरांनी आपल्या जिवाणूची जनुकं त्याच्याशी ताडून पाहिली. तोच होता.

सर शिंदेमामांच्या स्टुलावर बसले. त्यांना बसलेलं आम्ही तेव्हा प्रथम पाहिलं.

"घावलं की गाव," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "लांबचं निघालं पावणं."

मग उठले. फ्रीजरमधल्या त्या जिवाणूच्या नळीवरचं वाडीचं नाव त्यांनी खोडलं आणि खाली परदेशी नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्याच आठवड्यात तळ्याच्या पाण्यासाठी नव्या बाटल्या घेऊन ते शाहूवाडीला गेले.

सर आता नाहीत. मी आज एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आहे. बातमीच्या धंद्यात दुसऱ्या नंबराला किंमत नसते, हे इथे पहिल्याच दिवशी कळलं. तरीही टेबलावर कुठून आला ते माहीत नसलेला मजकूर पडला, की त्याचं गाव कळेपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.