एकोणसाठ म्हणजे किती

"दहापैकी चार," म्हणत मुख्याध्यापकांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, ही मुलगी पाचवीच्या गणिताला बसणार?"

ही मुलगी म्हणजे लावण्या, माझ्या तिसरीच्या वर्गातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, घरात तेलुगू. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, सेमी इंग्रजी. म्हणजे बाकी सगळं मराठीत, गणित तेवढं पहिलीपासून इंग्रजीत.

माझ्याकडचं पाचवीचं गणिताचं पुस्तक लावण्याने स्वतःहून अर्धं सोडवलं होतं. तिला अख्खा वर्ग ओलांडून वर चढवा, असं माझं म्हणणं नव्हतं. फक्त गणिताच्या तासाला तिने पाचवीत बसावं, बाकी दिवस आपल्या मैत्रिणींत. मला घाई होती, कारण पूर्वी दहा मिनिटांत वही आणून देणारी ही मुलगी दिवाळीनंतर सगळ्यांबरोबर वही द्यायला लागली होती. उत्तर लिहून झालं की तेच आकडे पुन्हा गिरवत बसायची. मूल असं मुद्दाम हळू व्हायला लागलं, की त्याची सवय होते. मग ती मोडत नाही.

सरांनी तिची तोंडी परीक्षा घेतली होती. त्यांनी गणित मराठीत वाचायचं, तिने मनात सोडवून नुसतं उत्तर लिहायचं. कागद मी घरी नेला आणि जेवणाआधी दोन रकाने आखले: बरोबर उत्तर आणि तिचं उत्तर.

एकोणसाठ गुणिले आठ. हवं होतं ४७२, तिने लिहिलं ४८८. एकोणतीसची बारापट. हवी ३४८, तिची ३७२. एकोणनव्वदमधून बत्तीस वजा. हवे ५७, तिचे ५९. चुकलेल्या सहाही गणितांत एकोणचा आकडा होता. मुलं तिथेच अडखळतात म्हणून सरांनी ते मुद्दाम घेतले होते. मी ४८८ला आठने भागलं. एकसष्ट आले.

सकाळी प्रार्थनेआधीच लावण्याला गाठलं. एकोणसाठ आकड्यात लिही म्हटलं. तिने ६१ लिहिलं.

"का गं?"

"एक आणि साठ, बाई. मराठीत बारका आकडा आधी येतो की. बत्तीसमधी दोन आधी, तसं."

"मग एकसष्ट म्हणजे?"

"ते पण तेच. एकाला दोन नावं असतील, म्हटलं."

तेलुगूत आधी साठ, मग एक. वर्गात इंग्रजीतही तसंच. मराठी आकडे ती दुकानात नि खेळताना ऐकून शिकली होती, आणि नियम तिचा तिनेच काढला होता. एकोण म्हणजे एकाने उणा, साठाला एक कमी, हे मी सांगितलं. तिने ६१ खोडून ५९ लिहिलं.

"मग साठ उणे एक म्हणायचं की. हे उलटं हाय."

मी दोन रकाने घेऊन सरांकडे गेले. सहाही गणितं तिने अचूक केली होती, फक्त वेगळ्या आकड्यांची. सरांनी एक गुणाकार स्वतः करून पाहिला. मग त्यांनी अडचणी काढल्या. भाषा कच्ची, वडिलांची संमती नाही, वेळापत्रक जुळत नाही, पाचवीचे बिराजदार सर तयार होतील का. मी उतरवून घेतल्या आणि शेवटी पाचवी नोंद माझी घातली: फेरपरीक्षा.

"तुम्ही यादी केल्याशिवाय काही करताच नाही का?"

"नाही सर. मग विसरायला होतं."

बिराजदार सर एका चहात तयार झाले. त्यांची अट एकच, मागं पडली तर ते थांबणार नाहीत. मला तेच हवं होतं. वेळापत्रकात तिसरीचं गणित पाचवीच्या गणिताच्या तासाला आणलं, त्यासाठी माझा मोकळा तास गेला. तिचा मराठीचा तास मात्र एक मिनिटही बुडू द्यायचा नव्हता. वडिलांना मोठ्या पोरांची धास्ती होती. ते एक तास पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहून गेले, मग सही केली.

फेरपरीक्षेत सरांनी हट्टाने पुन्हा मराठीतच वाचलं, आणि दहाही आकडे एकोणचे घेतले. लावण्याला नऊ आली, एक हातच्यात चुकलं. सरांनी कागदावर सही केली आणि मला म्हणाले, "सोमवारपासून बसवा."

महिन्याभराने पाचवीची घटक चाचणी झाली. लावण्याला वीसपैकी तेरा. दुसऱ्या दिवशी वडील शाळेच्या दारात उभे.

"बाई, तिसरीत वीसला वीस होते की. पोरगी रडली न्हाय, पण जेवताना बी वही सोडली न्हाय. हे काय झालं?"

मी वही मागवली. एका भागाकाराला तिने चार वेळा खोडून पुन्हा मांडलं होतं. चौथ्यांदा बरोबर आलं होतं. इतकी खाडाखोड तिच्या वहीत मी कधी पाहिली नव्हती.

"यासाठीच तिला पाठवली होती," मी म्हटलं.

त्यांना ते लगेच पटलं असं नाही. पण तिला परत तिसरीच्या गणिताला बसवू का विचारलं, तर नको म्हणाले. तीच ऐकणार नाही म्हणे.

वर्षभर वीसपैकी वीस मिळवणाऱ्या मुलाची काळजी करावी. आणि हुशार मुलाचं उत्तर चुकलं, तर त्याने कोणता प्रश्न सोडवला ते आधी बघावं.